पाच-सहा की पाच ते सहा?

जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात केळी लावणाऱ्याला १०:२६:२६ हे खत समजावून सांगावे लागत नाही. नत्र दहा टक्के, स्फुरद सव्वीस, पालाश सव्वीस. कृषी केंद्रावर शेतकरी ‘दहा-सव्वीस-सव्वीसच्या दोन बॅगा द्या’ एवढेच म्हणतो आणि दुकानदार बरोबर त्याच बॅगा काढतो. ठिबकमधून सोडायच्या खतांचेही तसेच आहे: एकोणीस-एकोणीस, बारा-एकसष्ट, झिरो-बावन्न-चौतीस. बोलण्यात कुठेच गोंधळ नाही. तो सुरू होतो ही नावे चार जण मिळून एका फाईलमध्ये लिहायला बसतात तेव्हा.

हा प्रकार मी जवळून पाहिला आहे. तालुक्यातल्या काही केळी उत्पादकांनी खतांचे वेळापत्रक एक्सेलच्या फाईलमध्ये तयार करायला घेतले होते. फाईल ऑनलाइन ठेवलेली, ज्याला जमेल त्याने भर घालायची. एक जण फोनवरून लिहायचा, दुसरा घरच्या कॉम्प्युटरवरून, तिसऱ्याचा मुलगा जळगावला कॉलेजात, तो तिथून. सगळे जाणकार, मनापासून काम करणारे. तरीही महिनाभरात तक्ता असा झाला की खतांची नावे ओळखू येईनात.

त्याचे कारण एक्सेलच्या सवयीत आहे. रकान्यात इंग्रजी अंकांत १०:२६:२६ टाकले की एक्सेलला ती घड्याळातली वेळ वाटते, सकाळचे दहा वाजून सव्वीस मिनिटे सव्वीस सेकंद. वरवर पाहता काही बिघडत नाही, आकडे तसेच दिसतात. पण कुणी सहज म्हणून त्या रकान्याला संख्येचे रूप दिले की तिथे ०.४४ उमटते, कारण एक्सेल वेळ ही दिवसाचा अंश म्हणून साठवून ठेवते. ०:५२:३४ चे तर याहून वाईट होते. रकान्यात ते बरोबर दिसते, पण वरच्या पट्टीत १२:५२:३४ एएम असे येते, म्हणजे मध्यरात्रीनंतरची बावन्न मिनिटे. गटातल्या एकाने त्या पट्टीतून आकडे उचलून निरोपात टाकले. ज्या खतात नत्र शून्य असते, ते कागदावर बारा टक्के नत्राचे झाले. असे खत बाजारात मिळत नाही, म्हणून दुकानदाराने हटकले आणि प्रकरण तिथेच थांबले.

म्हणून गटाने पुढे कोलन सोडून आडवी रेघ वापरायचे ठरवले. तेही अंगाशी आले. दोन झाडांतल्या अंतराच्या रकान्यात ‘५-६’ लिहिले की एक्सेल त्याची तारीख करते. कॉम्प्युटरची मांडणी भारतीय असेल तर ५ जून, अमेरिकन असेल तर ६ मे. आकडे तेच, फाईल तीच, आणि लिहिणाऱ्याच्या कॉम्प्युटरप्रमाणे महिना वेगळा. यावर उपाय साधा आहे, फक्त तो आधी करावा लागतो. आकडे भरण्यापूर्वी तो रकाना निवडून त्याला ‘टेक्स्ट’ हे रूप द्यायचे, किंवा आकड्याच्या आधी एकेरी अवतरणचिन्ह (') टाकायचे. आकडे भरून झाल्यावर रूप बदलून काही उपयोग नाही. तोवर एक्सेलने मूळ मजकूर बदललेला असतो.

या सवयीपुढे शास्त्रज्ञांनाही माघार घ्यावी लागली आहे. मानवी जनुकांना अधिकृत नावे देणाऱ्या समितीने २०२० साली ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ अशी काही जनुकांची नावेच बदलली, कारण एक्सेल त्यांना १ मार्च आणि १ सप्टेंबर करून टाकत असे. ‘मार्च१’चे ‘मार्चएफ१’ झाले, ‘सेप्ट१’चे ‘सेप्टिन१’.

कॉम्प्युटरचा हा दोष एक वेळ मांडणी बदलून दूर करता येतो. मराठीत मात्र ‘५-६’ मध्ये आणखी एक अडचण आहे आणि ती कुठल्याही यंत्राने केलेली नाही. आपण ‘पाच-सहा माणसे आली होती’ म्हणतो तेव्हा ती सहा असतील, सात असतील, चारही असतील. मधले ते संयोगचिन्ह अंदाज सांगते. ‘दोन-चार दिवसांत येतो’ म्हणणारा दहाव्या दिवशी आला तरी कुणी त्याला खोटारडा म्हणत नाही. पण ‘झाडांत ५-६ फूट अंतर ठेवा’ असे वेळापत्रकात लिहिले, तर वाचणाऱ्याने अंदाज समजायचा की मर्यादा? खताच्या मात्रेबाबत हा प्रश्न आणखी गंभीर होतो. इंग्रजीत अशा ठिकाणी संयोगचिन्हापेक्षा थोडी लांब रेघ वापरायची पद्धत आहे आणि तिथला वाचक त्या रेघेचा अर्थ मर्यादा असाच घेतो. मराठी वाचकाच्या डोळ्याला ही सवय नाही, आणि लावायची गरजही मला वाटत नाही. आपल्याकडे ‘ते’ आहे. ‘५ ते ६ फूट’ लिहिले की मर्यादा झाली, ‘पाच-सहा फूट’ लिहिले की अंदाज झाला. अंदाज अक्षरांत आणि मर्यादा आकड्यांत, ‘ते’ घालून: एवढा एक नियम त्या गटाने पाळला असता, तर अर्ध्याहून अधिक दुरुस्त्या वाचल्या असत्या.

तक्त्यात जागा कमी असते, तिथे रेघ वापरायला हरकत नाही. मात्र तक्त्याच्या डोक्यावर ‘या तक्त्यातील रेघेचा अर्थ ते’ असे एकदा लिहून टाकावे.

ऋण आकड्यांचेही असेच. फळपीक विम्याच्या माहितीत कमी तापमानाचे आकडे येतात. यादी करताना कुणी ओळीच्या सुरुवातीला ठिपक्याऐवजी छोटी रेघ टाकतो आणि ‘-८ अंश’ असे दिसू लागते. जळगाव जिल्ह्यात पारा उणे आठवर जात नाही हे आपल्याला माहीत आहे, पण पुण्या-मुंबईच्या वाचकाला ते माहीत असेलच असे नाही. एक्सेलमध्ये तर रेघेने सुरू होणारी ओळ सूत्र समजली जाते. ‘-केळी’ असे टाकले की त्या जागी चूक दाखवणारा इशारा येतो. यादीसाठी ठिपके वापरावेत, आणि उणे म्हणायचे असेल तिथे सरळ ‘उणे’ लिहावे.

आता कीबोर्डकडे येऊ. इनस्क्रिप्ट मांडणीत कोलनच्या जागी च आणि छ बसलेले आहेत. संयोगचिन्हाची कळ शिफ्ट धरून दाबली की विसर्ग येतो. म्हणून घाईत असलेला टंकलेखक कोलनऐवजी विसर्ग देऊन काम भागवतो: ‘१०ः२६ः२६’. कागदावर छापले की फरक डोळ्याला जाणवत नाही. पण शोध घेताना तो लगेच कळतो, कारण कोलन टाकून शोधणाऱ्याला विसर्गाचे १०ः२६ः२६ कधीच सापडत नाही. ‘वेळः’, ‘स्थळः’, ‘विषयः’ ही निमंत्रणपत्रिकांतली रूपे याच कळीची देणगी आहेत.

रेघांचेही हेच होते. कॉम्प्युटरच्या दृष्टीने संयोगचिन्ह (-), मधली रेघ (–), लांब रेघ (—) आणि गणितातले उणे (−) ही चार स्वतंत्र चिन्हे आहेत. युनिकोडमध्ये प्रत्येकाला वेगळा क्रमांक आहे. आपण कीबोर्डवर एकच कळ दाबतो, पण वर्डमध्ये दोन्ही बाजूंना जागा सोडून संयोगचिन्ह दिले की ते आपोआप मधली रेघ होते आणि जागा न सोडता दोनदा दिले की लांब रेघ. फोनवर हा बदल सहसा होत नाही. त्यामुळे एकाच लेखात एका परिच्छेदात ‘सुरत-भुसावळ’, दुसऱ्यात ‘सुरत – भुसावळ’ आणि तिसऱ्यात ‘सुरत—भुसावळ’ अशी रूपे जमा होतात. लिहिणाऱ्या तिघांनाही आपण एकच चिन्ह टाकले असे वाटत असते. मग कुणी ‘सुरत-भुसावळ’ शोधून तिथे ‘सुरत–भुसावळ लोहमार्ग’ करायला जातो आणि दोन ठिकाणे सुटतात.

एक उदाहरण खुद्द यावलचे. शहरालगत ‘हडकाई-खडकाई’ वाहते. गावातल्या माणसाला याचे स्पष्टीकरण लागत नाही. बाहेरच्या वाचकाला मात्र ही एक नदी की दोन हे ते छोटे चिन्ह सांगू शकत नाही. ‘यावल-फैजपूर येथील शेतकरी’ म्हणजे दोन्ही गावांचे शेतकरी की त्या रस्त्यावरचे? ‘बऱ्हाणपूर-अंकलेश्वर महामार्ग’ मात्र स्पष्ट आहे, कारण पुढे ‘महामार्ग’ हा शब्द आहे. दोन नावे जोडताना पुढचा शब्द नाते सांगत असेल तरच संयोगचिन्ह द्यावे, नाहीतर ‘आणि’ लिहावे. ‘आईवडील’ लिहा किंवा ‘आई-वडील’ लिहा, अर्थ बदलत नाही. पण एका पुस्तिकेत दोन्ही नकोत.

ही चिन्हे मराठीत जुनी नाहीत. मोडीत विरामचिन्हे नव्हती. लेखक आधी आडवी रेघ ओढून घेई आणि तिला अक्षरे लटकवत जाई, शब्द कुठे संपला हे वाचणाऱ्याने ओळखायचे. यावलला एके काळी हाताने केलेला जाडाभरडा देशी कागद आणि नीळ होत असे, याची नोंद जुन्या गॅझेटिअरमध्ये आहे. त्या काळच्या दप्तरांत आजच्या अर्थाने स्वल्पविरामही मिळणार नाही. मराठीला ही चिन्हे शिकवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. त्यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० साली प्रसिद्ध झाली. पावणेदोनशे वर्षांत छापखान्यांनी आपापल्या पद्धती बसवल्या. जुळारी आणि मुद्रितशोधक ती पद्धत सांभाळत. आता मजकूर जुळाऱ्याकडे जातच नाही, लिहिणाऱ्यांच्या बोटांतून थेट वाचकाकडे जातो. म्हणून मुद्रितशोधकाचे काम गटातल्या कुणा एकाकडे नाव घेऊन सोपवले पाहिजे. सगळ्यांचे काम म्हणून ठेवले की ते कुणीच करत नाही.

मराठी विकिपीडियावर लिहिणाऱ्यांना हे सगळे रोज भेटते. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या या ज्ञानकोशात एकाच लेखाला अनेक हात लागतात, आणि लेखाच्या नावात कोणती रेघ आहे त्यावरून पान सापडायचे की नाही हे ठरते. नावात मधली रेघ असेल, तर साध्या संयोगचिन्हाच्या नावाचेही एक पान करून ते मूळ लेखाकडे वळवावे लागते. तिथे त्याला पुनर्निर्देशन म्हणतात. हे केले नाही तर फोनवरून शोधणाऱ्याला पान नाही असे वाटते आणि तो त्याच विषयावर दुसरा लेख सुरू करतो. इंग्रजी विकिपीडियावर मेक्सिको आणि अमेरिका यांच्या युद्धाच्या लेखाला संयोगचिन्ह द्यायचे की मधली रेघ, असल्या प्रश्नांवर वर्षानुवर्षे भांडणे झाली. २०११ साली रेघांचा हा वाद लवाद समितीपर्यंत गेला. आपण तिथवर जाऊ नये असे मला मनापासून वाटते, कारण आपल्याकडे लिहिणारे हात आधीच थोडे आहेत.

आणि लिहिण्यासारखे भरपूर आहे. याच तालुक्यात फैजपूरला २७ आणि २८ डिसेंबर १९३६ रोजी काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले पहिले. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, धनाजी नाना चौधरी यांनी व्यवस्थेचा भार उचलला, मंडपाची सजावट नंदलाल बोस यांनी केली. यावर लिहिताना ‘१९३६-३७’ असे मोघम लिहू नये. डिसेंबर १९३६ मध्ये अधिवेशन झाले आणि प्रांतिक निवडणुका १९३७ च्या सुरुवातीला झाल्या; रेघेत गुंडाळले की या दोन घटनांचा क्रमच दिसेनासा होतो. तारखाही ‘२७-१२-३६’ अशा लिहू नयेत, महिन्याचे नाव लिहावे. ‘५-६-३६’ पाहून कुणालाही जून की मे कळत नाही.

दुसऱ्याच्या मजकुरात चिन्हे दुरुस्त करणाऱ्यांसाठी आणखी एक सांगायचे आहे. एखाद्या शिक्षकाने, शेतकऱ्याने किंवा विद्यार्थ्याने आपल्या गावाविषयी चार परिच्छेद लिहिले आणि त्यात रेघा चुकल्या, म्हणून त्याचे सगळे लेखन उलटवू नका. नेमकी तेवढी चिन्हे बदला, काय बदलले आणि का ते संपादन सारांशात एका ओळीत लिहा, आणि दुरुस्ती फाईलभर एकदम करण्याआधी पाच ओळींवर करून बघा. ‘सगळीकडे बदला’ हे बटण दाबले की फोन नंबरमधली, गट क्रमांकांतली आणि वेबपत्त्यांतली संयोगचिन्हेही बदलतात, आणि बदललेला पत्ता उघडत नाही.

यावलच्या किल्ल्यावर, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांवर, केळीच्या लागवडीवर मराठीत अजून पुष्कळ लिहायचे राहिले आहे. ज्यांना ही माहिती आहे त्यांनी चिन्हांच्या भीतीने थांबू नये. तुम्ही लिहा, रेघा बसवून द्यायला आम्ही आहोत.