घट बसले की कंद लाव

पहिल्याच वर्षी हौसेने लावलेले ट्यूलिप हरणांनी कळ्यांसकट खाल्ले, असं तू फोनवर सांगितलंस, तेव्हाच ठरवलं की तुला अ‍ॅलियमबद्दल सगळं नीट लिहून द्यायचं. न्यू जर्सीत बाग करायची तर हरणांचा विचार आधी आणि फुलांचा नंतर. अ‍ॅलियम हे आपल्या कांदा-लसणाच्याच कुळातलं. पान चुरडलं की तोच वास येतो, आणि त्या वासापायी हरणं, ससे, खारी सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. मे महिन्यात ट्यूलिप संपलेले असतात, गुलाब अजून यायचे असतात, तेव्हा ही जांभळी गोल फुलं उभी राहतात आणि भुंगे-मधमाश्या दिवसभर त्यांच्यावर असतात.

एक गोष्ट मनात पक्की धर, बाकीचं आपोआप सुचत जाईल. मोठ्या गोल फुलांच्या बहुतेक जातींचं मूळ इराण, तुर्कमेनिस्तान, अफगाणिस्तानच्या डोंगरउतारांवर आहे. तिथे हिवाळ्यात कडक गारठा, वसंतात ओल आणि उन्हाळ्यात जमीन ठणठणीत कोरडी. आपल्याला फक्त तेवढं जमवून द्यायचं असतं. गारठा इथे फुकट मिळतो. कोरडा उन्हाळा मात्र तुला सांभाळावा लागेल, कारण इथे जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस पडतो आणि वर लॉनचे स्प्रिंकलर चालू असतात. भिजत राहिलेला कंद सडतो. म्हणून लॉनच्या कडेची जागा नको. पूर्ण ऊन येणारी, थोडी उंच, पाणी न साचणारी जागा निवड. तुमच्याकडे चिकणमाती असेल तर नुसती वाळू मिसळू नकोस, त्याने माती आणखी घट्ट बसते. भरपूर कंपोस्ट घाल आणि वाफा सहा-आठ इंच उचलून घे.

कंद लावायची वेळ लक्षात ठेवायला कॅलेंडर नको. घट बसले की कंद आणायचे आणि दिवाळीच्या फराळाला लागायच्या आत जमिनीत घालायचे. काही कारणाने राहिलंच तर जमीन गोठेपर्यंत लावता येतात, पण मुळं धरायला थोडे आठवडे मिळाले तर बरं. कंद निवडताना बाजारात कांदा निवडतेस तसा निवड: हाताला जड, टणक, बुडाशी मऊ नाही. सालीवर थोडी निळसर बुरशी असली तर पुसून टाकली की झालं. दाबल्यावर बोट आत गेलं तर तो कंद परत कर.

खोलीचा नियम साधा आहे: कंदाची जेवढी उंची, त्याच्या तिप्पट खोल. 'ग्लोबमास्टर'सारख्या मोठ्या जातीचा कंद सहा ते आठ इंच खाली जातो, लहान कंदांना चार इंच पुरतात. टोक वर, मुळांची चकती खाली. वरवर लावलेला कंद फुटत जातो, त्याची पिल्लं होतात आणि फूल मिळत नाही.

जाती पुष्कळ आहेत, पण पहिल्या वर्षी तीनच घे. 'पर्पल सेन्सेशन' स्वस्त, भरवशाचा, अडीच-तीन फूट उंच. तो एकेकटा लावू नकोस, दहा-बारा कंद एका घोळक्यात सहा-सहा इंचांवर लाव. दुसरा 'ग्लोबमास्टर'. महाग आहे, पण तीन कंदांनी कोपरा भरतो. तो संकरित आणि वांझ, बी धरत नाही, त्यामुळे फूल जास्त दिवस टिकतं. तिसरा क्रिस्तोफी. हा बुटका, दीड-दोन फुटांचा, पण त्याचा गोळा आठ-दहा इंचांचा भरतो. जवळ जाऊन बघ: शेकडो टोकदार चांदण्या, प्रत्येकीच्या मधोमध हिरवी बोंडी, आणि पाकळ्यांवर धातूसारखी जांभळट चमक. पाकळ्या सुकल्या तरी चांदण्यांचा आकार मोडत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फूल उमलायच्या सुमारास खालची पानं टोकाकडून पिवळी पडायला लागतील. झाडाला काही झालेलं नाही, त्याची रीतच ती. पण पानं वाईट दिसतात आणि हात कात्रीकडे जातो. हात आवर. त्याच पिवळ्या पडत्या पानांतून पुढच्या वर्षीच्या फुलाचा साठा कंदात उतरत असतो. हिरवी असताना पानं कापलीस तर पुढच्या मे महिन्यात नुसती पानंच मिळतील. ओढली की अलगद हातात येतील, तेव्हाच काढ. तोवर ती झाकायची सोय कर. पुढे कॅटमिंट लाव. त्याचे झुडुपी गोळे पानं लपवतात, निळसर फुलं जांभळ्याशी शोभतात आणि हरणं त्यालाही तोंड लावत नाहीत. माझ्याकडे वर्षानुवर्षं हीच जोडी आहे आणि मी ती बदलणार नाही.

'पर्पल सेन्सेशन'ची फुलं संपली की गोंडे वेळेवर काढ. आत काळं, कोनदार बी धरतं, अगदी कांद्याच्या बियासारखं, आणि ते सांडलं की वाफाभर गवतासारखी रोपं उगवतात. त्या रोपांना फूल यायला तीन-चार वर्षं लागतात आणि रंग बहुधा फिकट निघतो. क्रिस्तोफीचे गोंडे मात्र वाळू दे. दांड्यासकट कापून गॅरेजमध्ये उलटे टांगायचे. दिवाळीत पितळी लोट्यात उभे केले की दारात छान दिसतात.

मे-जूनचा बहर ओसरला की ड्रमस्टिक अ‍ॅलियमची पाळी. याचे कंद अगदी बारीक, त्यामुळे मूठभर लावावे लागतात. साधारण कांदेनवमीच्या आगेमागे त्याची हिरवी बोंडं वरून मरून रंगाची व्हायला लागतात. आणि ज्याला कंदांचा खटाटोप नको त्याने 'मिलेनियम' घ्यावा. हा कुंडीत रोप म्हणून मिळतो, गवतासारखा गड्डा करून वाढतो आणि जुलै-ऑगस्टच्या उन्हात फुलतो. मॅसॅच्युसेट्सच्या मार्क मॅक्डॉनफ यांनी तो तयार केला आणि 2018 साली तो अमेरिकेत वर्षाचं बहुवर्षायू झाड म्हणून निवडला गेला. त्याची पानं उन्हाळाभर हिरवी राहतात, म्हणून पायवाटेच्या कडेला तोच लाव.

तू लसूण आणि पातीचा कांदाही लावणार आहेस, म्हणून हे बजावते: ते वाफे आणि अ‍ॅलियमचे वाफे लांब ठेव. एकच कूळ, त्यामुळे रोगही एकच. कांद्याची पांढरी कूज एकदा मातीत शिरली की कित्येक वर्षं निघत नाही. शिवाय 2015 मध्ये पेनसिल्व्हेनियात पहिल्यांदा सापडलेली, पानं पोखरणारी एक माशी आता आपल्याकडेही आहे. एप्रिलमध्ये पातीच्या टोकाला एका ओळीत पांढरे ठिपके दिसले तर ती आली समज. मादी तिथे टोचून गेलेली असते. लसणावर तेव्हा बारीक जाळी टाक. आणि पुढेमागे कुत्रा आणलात तर त्याला उकरू देऊ नका. कांद्याचं सगळंच कूळ कुत्र्या-मांजरांना विषारी, त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात.

ताई म्हणेलच, दोन कंद पुण्याला घेऊन ये. नेऊ नकोस. एक तर भारतात कंद नेताना रोगमुक्ततेची कागदपत्रं लागतात. आणि नेलेस तरी फुलणार नाहीत. आपल्याकडे कांदा थंडीनेच डेंगळ्यावर येतो ना, तशी यांनाही थंडी लागते, पण ती कित्येक आठवडे सलग आणि कडक. तिच्या गॅलरीत लसणाच्या वासाची चायनीज चाइव्ह कुंडीत छान होईल, पांढरी फुलं येतील आणि पात आमटीतही पडेल.

चार-पाच वर्षांनी घोळक्यातली फुलं लहान व्हायला लागली की गर्दी झाली समज. पानं पूर्ण वाळल्यावर, जुलैच्या सुमारास कंद उकर, माती झटक, सावलीत सुकव आणि कांद्याच्या जाळीदार पिशवीत घालून गॅरेजमध्ये टांग. नवरात्रात पुन्हा लाव. एक मात्र आत्तापासून कर: पानं गेली की वर काही उरत नाही, म्हणून प्रत्येक घोळक्याच्या कडेला दोन काठ्या रोवून ठेव, म्हणजे ऑक्टोबरमध्ये दुसरं काही लावताना कुदळ कंदावर पडणार नाही.