नीळ पाण्यात विरघळते काय ?

कपड्यांस द्यावयाची नीळ पाण्यात विरघळते, असा सार्वत्रिक समज आहे. परंतु तो यथार्थ नाही. पूर्वी हा रंग बदकशानच्या लाजवर्द पाषाणापासून काढीत व तो अतिशय महाग पडे. चिनी माती, सोडा व गंधक भाजून तो कृत्रिम रीतीने सिद्ध केल्याबद्दल फ्रान्सच्या गीमे यास १८२८ साली ६००० फ्रँकांचे पारितोषिक मिळाले. बाजारातील नीळपूड बहुधा ह्याच जातीची असते.

ही पूड पाण्यात नुसती मिसळून राहते. म्हणून जे विरघळेल ते नीळ नव्हे, ही परीक्षेची किल्ली होय. मीठ वा सोडा मिसळलेला माल घेणारे गिऱ्हाईक निळीच्या भावाने मीठच घेत असते.

१० ग्रॅम पूड १०० ग्रॅम ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळून गाळणकागदातून गाळावी व वरचा साका दोनदा धुवावा. सर्व गाळलेले पाणी वजन केलेल्या चिनी मातीच्या वाटीत आटवावे. १ ग्रॅम क्षार उरल्यास मालात शेकडा १० भाग विद्राव्य पदार्थ आहे. विहिरीचे पाणी घेऊ नये. त्यातील क्षार निष्कारण विक्रेत्याच्या माथी बसतील. किंचित क्षार कारखान्यातील धुण्यातही राहतो. तेवढ्यावरून तंटा करू नये.

गाळलेले पाणी निळे दिसल्यास त्यात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घालावे, मात्र उघड्या जागी. खऱ्या निळीचे सूक्ष्म कण असतील तर रंग उडून गंधकाचा दर्प येतो. रंग टिकल्यास तो दुसराच होय.

खडू ह्या परीक्षेत सापडत नाही, कारण तोही विरघळत नाही. धुतलेल्या साक्यावर आम्ल घालताच जोराने फेस आल्यास त्याचा संशय घ्यावा.