रॉयल्टीचा रकाना

माझं एक गणपतीचं गाणं दर भाद्रपदात मंडपांत वाजतं. ज्या कंपनीनं ते काढलं, तिनं रोख मानधन देऊन व्हाउचरवर सही घेतली. खाली बारीक अक्षरांत छापलं होतं की सर्व हक्क कायमचे, जगभरासाठी दिले, यापुढे काही येणं नाही. पुढे रॉयल्टी विचारली, तर हाच कागद दाखवण्यात आला.

पण हक्क विकले म्हणजे रॉयल्टीही गेली, असं होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत त्यासाठी तळमळून बोलले होते. तेव्हापासून गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा त्याच्याकडून कुणालाच काढून घेता येत नाही. तो वारसांना किंवा वसुलीसाठी कॉपीराइट सोसायटीला देता येतो, बस्स. ‘वाटा सोडला’ असं लिहून घेतलं तरी ते लिखाण रद्दबातल. अपवाद चित्रपटगृहाचा, तिथे पडद्यावर वाजलेल्या गाण्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत.

करारातली मुदत आणि प्रदेश मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा. मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ‘कायमचे, जगभर’ हे शब्द कंपन्या घालतात ते यासाठीच. ते खोडून ठरावीक वर्षं लिहायला सांगा. नवा गीतकार हे बोलायला संकोचतो, आणि नुकसान तिथेच होतं.

मला सर्वांत जास्त लागलं ते वेगळंच. आयपीआरएस या सोसायटीचा सभासद झाल्यावर गाण्याची नोंद पाहिली, तर गीतकाराच्या रकान्यात लिहिलं होतं: ‘पारंपरिक’. भक्तिगीतांच्या बाबतीत ही चलाखी फार सहज खपते. पारंपरिक म्हटलं की शब्दांचा वाटा मागायला कुणीच उरत नाही. संगीतकाराला पाठवलेले कडव्यांचे कच्चे मसुदे तारखांसह फोनमध्ये होते, सीडीच्या वेष्टनावर माझं नाव होतं, म्हणून दुरुस्ती होऊ शकली. तेव्हा मसुदे पुसू नका. रेकॉर्डिंगच्या दिवशीच शब्द कुणाचे, चाल कुणाची, वाटा किती, हे एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.

हा हक्क लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं टिकतो, म्हणजे तुमच्या मुला-नातवंडांचाही आहे. सभासद व्हा, वारसाचं नाव लावा, आणि आपल्या एकेका गाण्याच्या नोंदीत गीतकार म्हणून कुणाचं नाव आहे, ते याच आठवड्यात तपासा.