पाया खणण्याआधीची नोकरी

सीईटीचे पर्सेंटाइल हातात आले की ठरलेले प्रश्न सुरू होतात. ‘कॉम्प्युटर मिळत नाही, मग एआय अँड डेटा सायन्स घेऊ का?’ ‘मॅनेजमेंट कोट्यातून बसवलं तर?’ ‘आर्ट्सला गेली तर पुढे काय करणार?’ विचारतात आईवडील. ज्याला शिकायचंय, तो शेजारी गप्प बसलेला असतो.

माझं उत्तर दरवर्षी तेच असतं आणि दरवर्षी ते कोणाला आवडत नाही. कर्ज काढून शाखेचं नाव विकत घेऊ नका. ज्याला कोडिंगची खरी ओढ आहे, तो दुसऱ्या शाखेतूनही तिथे पोहोचेल. मेडिकल, सीए, वकिली, स्पर्धा परीक्षा यांची माहिती क्लासवाले गल्लोगल्ली वाटतात, ती इथे देत नाही. आजची जागा पुरातत्त्वाला, त्यातही बांधकामाआधी जमीन तपासण्याच्या कामाला.

हे काम बहरलं ते इंग्लंडमध्ये. 1989 मध्ये लंडनला टेम्सकाठी ऑफिसची इमारत उभी राहताना शेक्सपिअरच्या काळातल्या ‘रोझ’ नाट्यगृहाचे अवशेष निघाले. ते वाचवायला नटमंडळी रस्त्यावर उतरली. 1990 मध्ये सरकारी धोरण आलं: परवानगी देण्याआधीच जमिनीखाली काय असू शकतं ते पाहायचं आणि त्याचा खर्च सहसा बांधणाऱ्याने सोसायचा. त्यातून पुरातत्त्वज्ञांना पगार देणाऱ्या संस्था आणि कंपन्या वाढल्या.

काम पायरीपायरीने चालतं. आधी जुने नकाशे आणि पूर्वीच्या नोंदी चाळायच्या. मग गरजेप्रमाणे यंत्रांनी जमिनीखालचा अंदाज घ्यायचा, ठिकठिकाणी चाचणीचे चर खणायचे. काही निघालं नाही तर बिल्डर सुटला. मोलाचं निघालं तर आराखडा बदलतो, नाहीतर रीतसर उत्खनन होतं. प्रत्येक थराचं रेखाटन, मोजमाप, फोटो. मग खापरं धुणं, क्रमांक टाकणं आणि शेवटी अहवाल. बांधकामाची तारीख डोक्यावर असते, त्यामुळे रमतगमत खणणं परवडत नाही. ज्याला वेळेत नेमका अहवाल लिहिता येत नाही, त्याचं इथे काम नाही.

ब्लूमबर्ग कंपनीच्या लंडनमधल्या कचेरीसाठी जागा मोकळी केली, तेव्हा 2010 ते 2014 दरम्यान तिथे असं उत्खनन झालं. ओल्या चिखलात हवा न लागल्यामुळे लाकूड टिकलं होतं. रोमन काळातल्या 400हून अधिक लाकडी लेखनपाट्या मिळाल्या. त्यांतल्या एकीवर 8 जानेवारी, इसवी सन 57 ही तारीख आहे. टिब्युलस नावाचा माणूस घेतलेल्या मालाची 105 देनारियस नाणी देणं लागतो, असं तिच्यावर लिहिलंय. इमारत उठायची होती, म्हणून ही उधारी उजेडात आली.

आता भारताचं खरं चित्र. आपल्याकडे प्रत्येक प्लॉटसाठी अशी सक्ती नाही. शनिवारवाड्यासारख्या केंद्रसंरक्षित स्मारकाभोवती 100 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये नियंत्रण, असा 2010चा कायदा आहे. पण तो बांधकाम आवरतो, बाकीच्या जमिनीत काय दडलंय ते पाहायला सांगत नाही. धरणासाठी मात्र आपणही खणलं आहे: नागार्जुनकोंडा हे प्राचीन स्थळ पाण्याखाली जाण्याआधी 1954 ते 1960 तिथे मोठं उत्खनन झालं आणि महत्त्वाच्या वास्तू हलवल्या गेल्या. ते काम सरकारचं होतं. आजही उत्खननाला केंद्राचा परवाना लागतो, त्यामुळे पदवी घेऊन कोणी आपलं खोदकामाचं दुकान टाकू शकत नाही. सरकारी जागा थोड्या आहेत. इंग्लंडमध्येही पगार बेताचा आणि कंत्राटं छोटी असतात. हे ऐकून ज्यांचा उत्साह ओसरला, त्यांनी खुशाल दुसरी वाट धरावी.

ज्यांचा टिकला, त्यांच्यासाठी पुण्याचं डेक्कन कॉलेज आहे. घोड नदीकाठच्या इनामगावला या कॉलेजच्या लोकांनी 1968पासून अनेक हंगाम खणलं. खापरांबरोबर धान्याचे जळके दाणे, जनावरांची हाडं आणि माणसांचे सांगाडेही अभ्यासले गेले. म्हणून मी सांगते, बारावी सायन्स केलेल्यांनी ते वाया गेलं असं समजू नये. भूशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा सर्वेक्षणाची पदवी घेऊन पुरातत्त्वात एमए करावं. पुढे ग्रेटर नोएडाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संस्थेत पदव्युत्तर पदविका आहे. 2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत आले, त्यांतले 11 महाराष्ट्रातले. आसपासच्या बांधकामाचा त्यांच्यावर काय परिणाम होईल हे तपासणारी माणसं आता लागणारच.

पालकहो, एक स्पष्ट बोलते. हा लेख वाचून मुलाला पुरातत्त्वात ढकललंत, तर तेही एआयच्या सक्तीइतकंच वाईट. मुलाच्या चार वर्षांवर शेजाऱ्याच्या मुलाच्या पॅकेजची सावली पाडायची आणि वर ‘आम्ही कुठे जबरदस्ती केली?’ म्हणायचं, हे थांबवा. फी तुम्ही भरता, पण सोमवारी सकाळी कामावर जायचंय ते त्याला. आधी त्याला एखाद्या महाविद्यालयाच्या विभागाशी बोलून सुट्टीत गवेषणाला, म्हणजे जुन्या वस्तीच्या खुणा शोधायला पाठवा. दिवसभर उन्हात पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर खापरं वेचून, संध्याकाळी ती धुऊन नोंदी करताना तो कंटाळला, तर प्रश्न फुकटात सुटला. नाही कंटाळला, तर अडवू नका. आणि एआयची फी भरण्याआधीही त्याला त्या कामाचा असाच एक आठवडा काढू द्या.