पेंट शॉपचा वास एका फिल्टरने का जात नाही?

प्रश्न : चाकणजवळ आमचं वाहनांच्या सुट्या भागांचं पेंट शॉप आहे. बूथला पाण्याचा पडदा आहे, कार्बन फिल्टरही बसवला. तरी थिनरचा वास बाहेर येतो. काय करावं?

उत्तर : पाण्याचा पडदा रंगाचे थेंब धरतो. थिनरमधले टोल्युइन, झायलिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाहीत, ते सरळ पुढे जातात. उलट पडद्यातून आलेली दमट हवा कार्बनची ताकद घटवते आणि निसटलेला रंग त्याची छिद्रं बुजवतो. पावसाळ्यात हा त्रास वाढतो. म्हणून पडदा आणि कार्बन यांच्यामध्ये थेंब अडवणारी जाळी आणि कोरडा फिल्टर हवाच.

मोठे कारखाने झिओलाइटचं फिरतं चाक लावतात. बूथची हवा भरपूर, थिनरची वाफ विरळ. तशीच जाळली तर इंधन परवडत नाही. चाक वाफ शोषतं, थोड्याशा गरम हवेने ती सोडवून साधारण दहापट दाट करतं आणि मग सुमारे 800 अंश सेल्सिअसला ती जाळतात.

रंग सुकवणाऱ्या ओव्हनची गरम हवा मात्र कार्बनवर सोडू नका. शोषलेली वाफही सुटेल. भरलेला कार्बन घातक कचरा आहे. तो भंगारात न देता रांजणगावसारख्या अधिकृत प्रक्रिया केंद्रातच पाठवा.