बूस्ट सगळ्यात शेवटी: स्वतः जोडलेला ईसीयू आणि तुमच्या गॅरेजचं कोटेशन



मार्च २०२० मध्ये मांडव्याला रो-रो सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. मुंबईची गाडी आता अलिबाग-उरणला सहज पोचते. मग किनाऱ्यावरच्या गॅरेजवाल्या मुलांचा प्रश्न येतो, "सर, रेसच्या गाडीचं काम घेऊ का?" घ्या. पण टर्बो बसवलेल्या गाडीला स्वतः ईसीयू जोडायचा असेल, तर आजचा धडा नीट वाचा. या कामात एक चूक झाली तर गिऱ्हाइकाचं इंजिन जातं आणि तुमचं भांडवलही जातं.

ईसीयू म्हणजे काय, आणि स्वतः का जोडायचा?

इंजिनात पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी कधी टाकायची, हे ईसीयू ठरवतो. कंपनीचा ईसीयू कंपनीच्या इंजिनासाठीच बनवलेला असतो. समजा, जुन्या १.३ लिटर एस्टीमला तुम्ही टर्बो लावला. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १०० किलोपास्कल असतो. अर्धा बार बूस्ट दिला की मॅनिफोल्डमध्ये दाब १५० होतो, म्हणजे हवा जवळपास दीडपट. पेट्रोलही त्याच हिशेबात वाढायला हवं. पण टर्बो नसलेल्या गाडीच्या जुन्या सेन्सरला १०० च्या फार वरचं वाचताच येत नाही. त्याला न दिसणाऱ्या हवेसाठी ईसीयू पेट्रोल देणार कुठून?

म्हणून लोक स्वतः जुळवायच्या ईसीयूकडे वळले. ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो यांचा मेगास्क्वर्ट २००१ मध्ये आला. सुटे भाग घ्यायचे, स्वतः सोल्डर करायचे. नंतर आर्डुइनो बोर्डवर चालणारा स्पीडुइनो आला. त्याचा आराखडा सगळ्यांना खुला आहे. बोर्ड स्वस्तात मिळतो, पण बोर्ड म्हणजे पूर्ण काम नव्हे. खरी मेहनत पुढे आहे.

कामाचा क्रम

१. आधी इंजिनाची तब्येत. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा, कागदावर लिहा, गिऱ्हाइकाची सही घ्या. इंजिन आधीच थकलेलं असेल तर तिथेच थांबा. नंतर "तुमच्याकडे आल्यावर बिघडलं" हे ऐकायची वेळ येणार नाही.

२. वायरिंग आणि अर्थिंग. ईसीयूचं अर्थिंग थेट इंजिन ब्लॉकला घ्या, सेन्सरचं अर्थिंग ईसीयूकडेच परत आणा. आपल्याकडे खारी हवा आहे. उघडा जोड काही महिन्यांत हिरवा पडतो. मग सेन्सर खोटं बोलतो आणि ईसीयू त्यावर विश्वास ठेवतो. रबरी सील असलेले कनेक्टर वापरा. यात पैसे वाचवू नका.

३. टायमिंग पडताळा. क्रँकवरच्या दातेरी चाकावरून ईसीयूला पिस्टन कुठे आहे ते कळतं. सॉफ्टवेअरमध्ये ठिणगी १० अंशांवर पक्की करा आणि टायमिंग लाइट पुलीवर मारा. लाइटवर १८ दिसले, तर तुमचा अख्खा मॅप ८ अंशांनी चुकलाय. साध्या इंजिनात हे कदाचित खपून जाईल. बूस्टमध्ये नॉकिंग होऊन पिस्टन फुटेल. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते सोडू नका.

४. इंजेक्टरचा हिशेब. टर्बो इंजिनाला दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण २७० ग्रॅम पेट्रोल धरा. १५० अश्वशक्ती हवी असेल तर ४०.५ किलो. चार इंजेक्टरांत वाटलं की प्रत्येकी सुमारे १० किलो. इंजेक्टर ८० टक्क्यांच्या वर चालवायचा नाही, म्हणून मिनिटाला साधारण २८५ सीसी क्षमता लागते. बाजारातून ३०० च्या वरचे घ्या. पेट्रोल पंपही तेवढं देतो का, तेही बघा.

५. वाइडबँड सेन्सर. जुना ऑक्सिजन सेन्सर बूस्टमध्ये कामाचा नाही. टर्बोच्या पुढे एक्झॉस्टमध्ये वाइडबँड बसवा आणि आकडा लॅम्बडामध्ये वाचा. ई-२० पेट्रोलचं हवा-इंधन प्रमाण जुन्या १४.७ पेक्षा वेगळं असतं, पण लॅम्बडा १ चा अर्थ बदलत नाही. बूस्टमध्ये ०.८ च्या आसपास सुरुवात सुरक्षित.

६. बूस्ट शेवटी. आधी आयडल, मग बूस्टशिवाय पूर्ण मॅप. त्यानंतर वेस्टगेटच्या स्प्रिंगचा किमान बूस्ट. पहिल्या दिवसापासून बूस्ट कट आणि आरपीएमची मर्यादा चालू ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला, लॉग वाचा, मग पुढचं. मे महिन्याच्या उकाड्यात आत जाणारी हवा आधीच गरम असते. जानेवारीत चाललेला मॅप तेव्हा नॉक करू शकतो, म्हणून हवेचं तापमानही लॉगमध्ये हवंच.

चाचणी कुठे करायची?

रस्त्यावर नाही, आणि वर्सोली-नागावच्या वाळूवर तर नाहीच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल केलेली गाडी रस्त्यावर चालत नाही. रेसची गाडी ट्रेलरवर न्यायची आणि तासाच्या भाड्याने डायनो घ्यायचा. पुढे गिऱ्हाइकाला कोइमतूरच्या कारी स्पीडवेवर अधिकृत स्पर्धेत उतरायचं असेल, तर एफएमएससीआयचे नियम आधी वाचा. ट्रेलर आणि डायनो हा खर्च आहे, तो कोटेशनमध्ये दिसलाच पाहिजे.

आता धंद्याचा हिशेब

समजा, तुम्ही ९०,००० रुपये सांगितले. त्यात ६०,००० सामान, ३०,००० मजुरी. तुम्ही ४० तास धरले, म्हणजे तासाला ७५०. प्रत्यक्षात ट्यूनिंगला आणखी २० तास गेले, तर तासाला ५०० उरले. आणि शेवटच्या दिवशी गिऱ्हाईक म्हणालं, "दादा, अजून थोडा बूस्ट द्या ना," तुम्ही भिडेखातर दिला आणि इंजिन गेलं, तर? ३०,००० मध्ये नवीन इंजिन बांधून होत नाही.

म्हणून कोटेशनचे तीन टप्पे करा: वायरिंग आणि पहिला स्टार्ट, बूस्टशिवाय मॅप, बूस्टचा मॅप. प्रत्येक टप्प्याला लॉग दाखवा, पैसे घ्या, सही घ्या, मगच पुढे जा. किती बूस्टला थांबायचं हा आकडा सुरुवातीलाच लिहा. गिऱ्हाईक तुमच्याकडून खरं तर ही शिस्तच विकत घेतंय. बोर्ड तर कुणीही मागवू शकतो.

गृहपाठ: तुमच्या धंद्यातलं "बूस्ट" कोणतं? ज्याची गिऱ्हाइकाला सगळ्यात घाई असते आणि ज्यात तुमचं सगळ्यात जास्त नुकसान होऊ शकतं, ते काम. ते वहीत लिहा. त्याच्या आधी मोजायच्या तीन गोष्टी लिहा. पुढचं कोटेशन त्याच क्रमाने बनवा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत आधी मोजा, मग वाढवा!