एक्क्यांची जोडी हाती येऊनही डाव का जातो?

प्रश्न : टेक्सास होल्डेमच्या कमी पैशांच्या ऑनलाइन टेबलावर मोठी जोडी कशी खेळावी?

उत्तर : एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते. समोर एकच खेळाडू कोणतीही पाने घेऊन असेल, तर ती सुमारे ८५ टक्के वेळा जिंकते. चौघे असतील तर जेमतेम ५६ टक्के. कमी पैशांच्या टेबलावर चौघे सहज आत येतात, म्हणून जोडी लपवण्याची हुशारी इथे अंगाशी येते. बिग ब्लाइंड ५ सेंट असेल आणि दोघे नुसते कॉल करून बसले असतील, तर २५ ते ३० सेंटची रेझ योग्य. फ्लॉपनंतरही बेट चालू ठेवावी. किरकोळ जोडीवाले पैसे देतच राहतात. राजांच्या जोडीला धोका एक्क्याचा : तो फ्लॉपवर सुमारे २३ टक्के वेळा पडतो. गुलामांची जोडी तर दिसते तेवढी भक्कम नसतेच. निम्म्याहून अधिक फ्लॉपवर तिच्यापेक्षा मोठे पान येते. एरवी निमूट कॉल करणाऱ्याने शेवटच्या पानावर अचानक मोठी रेझ केली, तर त्याच्याकडे बहुधा दोन जोड्या किंवा त्याहून सरस पाने असतात. तिथे एक्केसुद्धा टाकून द्यावेत. भारतात मात्र पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संसदेने २०२५ मध्ये केला आहे.